शेजारच्या सीटवरून

मास्तरांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलेच नाहीत. त्यांची जागा शेजारची. पायाशी जोडीचा ब्रेक, मांडीवर घाम पुसायचा रुमाल आणि तोंडानं अखंड रस्ता चालू. पुढं सायकल आहे, आरसा बघा, क्लच सोडा, अहो सोडा म्हणजे एकदम नव्हे. दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्याकडे शिकले, बँकेतल्या बाया शिकल्या, नवरा गेल्यावर दुकान सांभाळायला उभी राहिलेली लोखंडवाल्याची बायको तर रडत रडत शिकली. मास्तर रस्त्याच्या कडेला नुसते उभे दिसले, तरी अजून काहीजणांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

पासष्टी उलटल्यावर त्यांनी गाडी शिकवायची शाळा बंद केली, दोन गाड्या विकल्या आणि एक ठेवली. निळी, शेवटची घेतलेली. मेकॅनिक म्हणाला, आता हा दुसरा ब्रेक काढून टाकू. मास्तर म्हणाले, राहू दे, खायला मागत नाही काही. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर गेले आणि शेजारच्या सीटवर काकू आल्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. काकूंना गाडी येत नव्हती. लग्नानंतर मास्तरांनी त्यांना आठ दिवस शिकवलं होतं. नवव्या दिवशी दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी पायी घरी आली आणि तो विषय संपला.

डोळ्यांचं पहिल्यांदा लक्षात आलं ते स्वयंपाकघरात. कपाटाचं दार उघडं असलं की मास्तर हमखास त्यावर आदळायचे. समोर ठेवलेलं दिसायचं, बाजूला ठेवलेलं नाही. काकू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मास्तर आत एकटेच गेले, बराच वेळ बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "थेंब दिलेत. रोज दोनदा घालायचे." काकूंनी पुढं विचारलं नाही. चाळीस वर्षं ते घर असंच चाललं होतं. ज्याचं उत्तर नको, ते विचारायचं नाही.

पण गाडी काही थांबली नाही. मंडईत, दवाखान्यात, बँकेत, जायचं ते गाडीनंच. आणि काकू शेजारी बसून बोलायला लागल्या.

आधी सहजच बोलल्या होत्या. "ती बघा शिंपीणबाई, पिशवी घेऊन डावीकडनं चाललीय. किती वाकली हो." मास्तरांनी गाडी हलकेच उजवीकडे घेतली. काकूंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज सिग्नलला केवढी गर्दी, सगळे थांबलेत." मास्तर थांबले. मग ती रीतच पडून गेली. कोण कुठून आलं, कुणाच्या हातात काय, कुठल्या दुकानापुढं टेम्पो लागलाय, काकू सगळं गप्पांच्या सुरात सांगायच्या आणि मास्तर "हं, हं" करत चाक फिरवायचे. डोळ्यांचा शब्द कुणी काढला नाही. शेजारणी म्हणायच्या, म्हातारपणी काकूंच्या तोंडाचं कुलूप उघडलं. मास्तर हसून सांगायचे, घरात रेडिओ आहे आणि गाडीत ही.

खरं सांगायचं तर काकूंना त्याचं बरंही वाटत होतं. चाळीस वर्षांत मास्तरांनी त्यांचं बोलणं असं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. आता प्रत्येक शब्द ऐकला जात होता. ही गोष्ट त्या स्वतःशीही धड बोलल्या नसत्या.

गाडी अधूनमधून घासायची. काकू म्हणायच्या, खड्डा होता. कधी म्हणायच्या, फांदी लागली. घरी आल्यावर मास्तर आत गेले की त्या ओल्या फडक्यानं तिथं पुसायच्या. पुसून पोचा जात नाही हे त्यांना कळत होतं.

मग तो शाळेसमोरचा दिवस आला. शाळा सुटायची वेळ होती. काकू पर्समध्ये औषधाची चिठ्ठी शोधत होत्या. चिठ्ठी सापडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ त्या गप्प होत्या. मान वर केली तर समोर, अगदी गाडीच्या तोंडाशी, दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी वाकून बाटलीचं झाकण उचलत होती. काकूंनी दोन्ही पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर मारले. गाडी वीतभर अंतरावर थांबली. मुलीनं झाकण उचललं, फ्रॉकला पुसलं आणि मैत्रिणीच्या मागं पळाली. तिनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला होता. असा ब्रेक म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?  ते म्हणाले, "काय होतं?"

"कुत्रं."

"कुणाचं?"

"मोकाट होतं," काकू म्हणाल्या. "चला आता, मागचे हॉर्न मारतायत."

त्या संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायच्या निमित्तानं त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब राहायची. काकूंनी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तू ही गाडी मागून घे. मला हवीय म्हण. विकायला ते तयार होणार नाहीत. तुला देतील."

लेक म्हणाली, सरळ सांग ना बाबांना. काकू म्हणाल्या, तू सांगून बघ. लेकीनं तो विषय सोडला, कारण बाप तिलाही माहीत होता. मग तिच्या अडचणी निघाल्या. लावायला जागा नाही, आहे ती गाडी बरी आहे, आणि दोन ब्रेकची गाडी घेऊन मी काय करू, ह्यांना शेजारी बसवून त्यांच्याही पायाशी ब्रेक देऊ? घरात भांडणं काय कमी आहेत? असं करत तीन आठवडे गेले. शेवटी तिनं फोन केला आणि बापाला म्हणाली, बाबा, तुमची गाडी मला द्याल का?

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. चार दिवस ते दिसेल त्याला सांगत होते, लेकीला बापाची गाडी आठवली म्हणायची. मी स्वतः चालवत नेऊन देतो, असंही निघालं. त्यावर लेक म्हणाली, बाबा, दोन दिवस चालवायचं म्हणजे गुडघ्यांचं काय? मास्तरांनी ते मानलं. गुडघ्यांबद्दल बोलायला त्या घरात हरकत नव्हती.

मग गाड्या पोचवणाऱ्या कंपन्यांना फोन सुरू झाले. पहिल्या कंपनीचा माणूस गोड बोलला आणि पुन्हा फोनच उचलेना. दुसरी म्हणाली, गाडी आमचा ड्रायव्हर चालवत नेईल. मास्तर म्हणाले, परक्या माणसाच्या पायाखाली माझा क्लच देणार नाही. तिसरीकडे लांबलचक दोन मजली ट्रेलर होते. गाडी वर चढवायची, चाकं पट्ट्यांनी बांधायची आणि न्यायची. तिथल्या बाईला मास्तरांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी ती म्हणाली, काका, तुम्हीच या आमच्याकडे कामाला. टाकीत पेट्रोल थोडंच ठेवा, गाडीत सामान काही ठेवू नका, हे तिनं तीन वेळा सांगितलं. तरी काकूंनी लेकीसाठी मागच्या सीटवर ठेवलेली उशांची पिशवी शेवटी मास्तरांनीच बाहेर काढली. नियम म्हणजे नियम.

ट्रेलर त्या दिशेच्या गाड्यांनी भरल्याशिवाय निघायचा नाही. तारीख एकदा पुढं गेली, मग दुसऱ्यांदा. तेवढे दिवस मास्तर गाडी काढत राहिले आणि काकू शेजारी बसून बोलत राहिल्या. आता पर्स त्या घरीच ठेवायच्या.

ट्रेलर यायचा दिवस आला, पण तो गल्लीत शिरणार नव्हता. लाकडाच्या वखारी आहेत त्या रुंद रस्त्यावर तो उभा राहील, गाडी तिथं आणून द्या, असा निरोप होता. काकू म्हणाल्या, मेकॅनिकला बोलावते, तो नेईल. मास्तरांनी शर्टाची बटणं लावता लावता सांगितलं, "माझी गाडी मी पोचवणार." डोळ्यांचं सांगायची खरी वेळ तीच होती. काकू चप्पल घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

वखारींपर्यंत दहा मिनिटं लागली. काकूंनी हातगाडीवाला सांगितला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सांगितला, रस्ता ओलांडणाऱ्या दोन बायकांच्या साड्यांचे रंग सांगितले.

कंपनीचा माणूस तिशीतला होता, चटपटीत. त्याच्याजवळ एक छापील कागद होता. त्यावर गाडीचं चित्र, चारी बाजूंनी काढलेलं. गाडीवर जिथं ओरखडा किंवा पोचा असेल, तिथं चित्रावर फुली मारायची, मग मालकानं सही करायची. मास्तर ऐटीत म्हणाले, "फुल्या कसल्या? कोरा जाईल तुमचा कागद. चौतीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही."

माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि खाकरला. "काका, अकरा आहेत."

"काय अकरा?"

"अकरा ठिकाणी लागलीय. नऊ तर डाव्याच अंगाला." मास्तर लपवाछपवी करतायत असं वाटून तो समजुतीनं म्हणाला, "लिहू द्या काका. लिहिलं नाही, तर तिकडं उतरवताना आमच्या नावावर येतं."

 मास्तर गाडीच्या डाव्या बाजूला गेले, वाकले आणि पुढच्या चाकापासून हात फिरवत निघाले. एके ठिकाणी बोटं थांबली.

"हे काय?"

"गेटचा खांब," काकू म्हणाल्या.

हात पुढं सरकला. "हे?"

"भाजीवाल्याची गाडी."

"आणि हे?"

काकूंनी तेही सांगितलं. प्रत्येक ठिकाणी तेव्हा त्यांनी काय म्हटलं होतं, खड्डा की फांदी, ते दोघांनाही आठवत असावं. शेजारच्या सीटच्या दारावर सगळ्यात लांब ओरखडा होता. त्यावरून मास्तरांचा हात दोनदा फिरला.

मग ते सरळ उभे राहिले आणि सहीसाठी पेन मागितलं. ओळ कुठं आहे ते त्यांना सापडेना. काकूंनी त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. त्यांनी सही केली, किल्ली दिली. गाडी ट्रेलरच्या फळीवरून वर चढताना त्यांनी मान वाकडी करून इंजिनचा आवाज ऐकला आणि पुटपुटले, "हाफ क्लच, हाफ क्लच." पट्ट्या आवळल्या गेल्या. ट्रेलर निघाला आणि वळणावरून दिसेनासा झाला. म्हणजे काकूंना दिसेनासा झाला. मास्तरांनी आधीच मान फिरवली होती.

घरी पायीच जायचं होतं. वखारीच्या भिंतीच्या कडेनं दोघं निघाली. थोडं चालल्यावर मास्तर म्हणाले, "तिनं मागितली नव्हती ना गाडी?"

काकू याच प्रश्नाला घाबरून होत्या. रागावतील, दोन दोन दिवस बोलणार नाहीत, आयुष्यभर ऐकवतील, या सगळ्याची उत्तरं त्यांनी मनात तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, "नाही. मीच तिला मागायला लावली."

मास्तरांनी मान हलवली. पुन्हा दहा पावलं गेल्यावर म्हणाले, "शाळेपाशी ते कुत्रं नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

"मुलगी होती. पहिली-दुसरीतली असेल. झाकण उचलायला वाकली होती."

मास्तर थांबले. पलीकडून कुणीतरी "काय मास्तर, पायी आज?" असं विचारत गेलं. मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं हात वर केला आणि तो तसाच खाली आणला.

"तीन महिने झाले त्याला," ते म्हणाले.

"हो."

"आणि तीन महिने तू मला गाडी काढू दिलीस. आत्तासुद्धा, इथपर्यंत."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं हो," काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना ते वाक्य केवढंसं आहे ते कळलं.

मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. शिकणाऱ्याला एखादी चूक समजावून सांगावी तसे ते सावकाश बोलले. "मला दिसत नव्हतं. तुला तर दिसत होतं."

एवढं बोलून ते चालू लागले, एक हात भिंतीला लावून. काकू दोन पावलं मागं राहिल्या. पुढं वाटेत लाकडाचे ओंडके पडले होते, एक माणूस सायकल टेकवून उभा होता, भिंतीलगत नळ गळून चिखल झाला होता. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर पडेना. मास्तरांचा पाय चिखलात गेला. त्यांनी तो काढून घेतला आणि तसेच पुढं निघाले.

भिंत कोपऱ्यापाशी संपत होती. त्यापुढं रहदारीचा रस्ता होता. काकूंनी भरभर पावलं उचलली आणि त्यांचा कोपर धरला. मास्तरांनी तो सोडवून घेतला नाही. काकूंकडे तोंडही वळवलं नाही. वाहनं जाईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.