अण्णांची एक जून

अण्णांच्या रेसची गोष्ट मी आजवर इतक्या वेळा सांगितली आहे, की आमच्या घरातल्या लग्नांत ती आता जिलबीसारखी ठरलेलीच असते. नकला मला बऱ्या जमतात. पोट सुटलेला माणूस हेल्मेटमध्ये डोकं कोंबतोय, एवढं केलं तरी पोरं लोळतात. पण ती गोष्ट जशी घडली तशी – म्हणजे खरी – मी एकदाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. अण्णांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही आमच्या लग्नांना येत नाही, हे एक कारण. दुसरं मलाही नीट माहीत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी. आमच्या पुण्याकडे माणसं वाद जिंकून जे सुख मिळवतात, ते कोल्हापुरात गाडी पुढे काढून मिळवतात. अण्णा तरुणपणी गावाबाहेरच्या पडीक धावपट्टीवर मागची सीट काढलेली अँबॅसिडर पळवायचे. एकदा कपही मिळाला होता. मग त्यांच्या वडिलांनी कानाला धरून त्यांना अडतीवर बसवलं, आणि तो विषय संपला. म्हणजे घरच्यांपुरता संपला. त्यांच्यापुरता संपला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. कळलं, आणि त्याच आठवड्यात मी… पण थांबा. आधी गाडी रुळावर येऊ द्या.

ते दोन हजार आठचं साल सरत होतं. आम्ही शारजात, रोल्ला बाजारापासून जवळच राहायचो – मी, बायको मेधा आणि बारा वर्षांची सई. मी दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर. त्या हिवाळ्यात क्रेन थांबल्या. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणारी एक क्रेन अर्धी वळून जी राहिली, ती तशीच राहिली, बोलता बोलता शब्द विसरलेल्या माणसासारखी. एच. आर.च्या बाईंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की कंपनी आता ‘यंग टीम’ ठेवणार आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. तोपर्यंत मी स्वतःला यंगच समजत होतो, हा त्यातला विनोद. निघताना त्यांनी हातात एक पाकीट दिलं. स्टाफ पिकनिकसाठी घेतलेली आणि उरलेली कुपनं होती त्यात. अल ऐन शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रेसिंग ट्रॅक होता, तिथली. दोन माणसांसाठी गाडी चालवायचा एक दिवस. नोकरी खलास, वर ही कुपनं!

अण्णा तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. माझी नोकरी गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. कुपनं पाहिली मात्र आणि त्यांचे कान लाल झाले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “ही वाया घालवू नका. पाप लागंल.”

आम्ही शुक्रवारी गेलो. तिथल्या गाड्या म्हणजे साध्या सेडान – टॅक्सीला असतात तशाच – पण आतलं सगळं काढून टाकलेलं, दोनच सीट, आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. तिथल्या डॉक्टरांनी आधी आमचं बीपी, डोळे, सगळं तपासलं. अण्णांचं पाहून मान डोलावली. माझं पाहून विचारलं, “सर, स्मोक करते हैं?” मी करत नाही. नुसता दिसतो तसा.

आणि मग मी अण्णांच्या शेजारी बसलो.

हे मला नीट सांगता येईल का? लग्नात मी इथे नुसते चीत्कार काढतो, डोळे फिरवतो. खरं म्हणजे मी तिथे एकही आवाज काढला नव्हता. पहिलं वळण अंगावर आलं, आता ब्रेक, आता ब्रेक, असं माझं सगळं शरीर ओरडत होतं – आणि अण्णा वाट पाहत होते. घाई नाही, धिटाईचा आव नाही. उकळत्या रसाची काहील समोर असताना गुळव्या जसा गप्प उभा राहतो, तशी ती वाट. मग पायानं हलकंच काहीतरी केलं, हातानं त्याहून हलकं, आणि गाडी वळली असं मला वाटलंच नाही. वाटलं, आम्ही जागेवर आहोत आणि ते अख्खं वाळवंट, त्यातले खांब, दूरवरचा उंटांचा ठिपका, सगळं कुणीतरी आमच्याभोवती अलगद फिरवून ठेवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गेली अनेक वर्षं मी हा चेहरा पाहत होतो – दिवाळीत, आजारपणात, सोफ्यावर घोरताना. हा तो नव्हताच. हेल्मेटच्या फटीतून दिसणारे ते डोळे कुणा भलत्याच माणसाचे होते, आणि तो माणूस इतकी वर्षं त्या गुळाच्या ढेपांमागे गपचूप बसून होता. मला देवळात वाटतं तसं काहीतरी वाटलं. खरं सांगायचं तर देवळात मला तसं वाटत नाही. तिथे वाटलं.

मग माझी पाळी. माझ्याविषयी एवढंच सांगतो, की कडेला उभा असलेला माणूस झेंडा हलवत “यल्ला, यल्ला!” – अरबीत ‘चला, चला’ – ओरडत होता, आणि मला वाटलं तो प्रोत्साहन देतोय. तो मला बाजूला व्हायला सांगत होता.

संध्याकाळी ट्रॅकचा मॅनेजर जोसेफ आमच्यापाशी आला. केरळचा माणूस, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. त्यानं अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला. “अंकल, नेक्स्ट फ्रायडे अमॅच्युअर लोगों का रेस है. आप आइए. प्लीज.” अट एकच होती – वय पासष्टच्या आत हवं. अण्णांचा पासपोर्ट खिशातच होता. त्यात चौसष्ट.

आता इथे अण्णांची एक जून येते. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत नाव घालायला नेलं, मास्तरांनी जन्मतारीख विचारली, घरच्यांना आठवेना, मास्तरांनी एक जून लिहून टाकली. अण्णांच्या मास्तरांनी तारखेबरोबर सालही स्वतःच्याच मनानं घातलं. त्या रात्री जेवताना अण्णांनी हे सांगितलं आणि डोळा मारला. “खरं वय सदुसष्ट! पण कागद काय म्हणतोय? कागद म्हणतोय, अण्णा, बस गाडीत!”

मेधा हसली. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा. सई म्हणाली, “आजोबा, यू आर इन्सेन! बाबा वॉज लास्ट, यू नो? लाइक, द लास्ट!” तेव्हा मीही हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो.

पुढचे दिवस अण्णा बघण्यासारखे होते. साखर बंद. लोणचं बंद. सकाळी खाडीच्या कडेनं फेऱ्या. सोफ्यावर बसून, डोळे मिटून, ते मनातल्या मनात ट्रॅकवर फिरायचे. समोर धरलेले हात वळायचे. सईनं त्यांच्या टीशर्टवर मागे मोठा एक रंगवला – एक जूनमधला एक. मी तेव्हा दिवसभर घरीच. सीव्ही पाठवायचे आणि फोनची वाट पाहायची. आणि समोर हा माणूस, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, ज्याला कुणीतरी ‘प्लीज, या’ म्हणालं होतं. ज्या गावानं मला ‘जा’ म्हटलं, त्याच गावानं. कळतंय ना मी कशाभोवती फिरतोय? मलाही कळतंय. वळण दिसतंय, आणि मी अजून ब्रेकच शोधतोय.

वयाची अट असावी की नसावी? यावर मी नंतर खूप विचार केलाय. असावी, असं मला बऱ्याचदा वाटतं. भर वेगात एखादं म्हातारं हृदय थांबलं, तर मागून येणाऱ्या विशीतल्या पोरानं काय करायचं? आणि नसावी, असंही वाटतं. डॉक्टरांनी तपासलं होतं, जोसेफनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मास्तरांनी कधीकाळी लिहिलेला एक आकडा त्याहून खरा कसा? नियम योग्य होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही. पण माझ्या फोनचा त्या नियमाशी काहीएक संबंध नव्हता.

हो. फोन. मी केला होता.

बुधवारी दुपारी, बिल्डिंगखालच्या वाळूच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, काचा वर करून. जोसेफला म्हटलं, “पासपोर्ट पे मत जाइए. उनकी असली उमर सदुसष्ट है. सिक्स्टी सेव्हन.” म्हटलं, घरच्यांना काळजी वाटते. घरच्यांना! वर मेधा त्यांच्या रेससाठी नवे मोजे शोधत होती. जोसेफ म्हणाला, “सर, वो बहुत अच्छा चलाते हैं. आप पक्का बोल रहे हैं?” तो मला परत फिरायची वाट दाखवत होता. अगदी दार उघडं धरून उभा होता तो माणूस.

मी म्हणालो, “पक्का.”

आणि माझं नाव सांगू नका, असंही म्हणालो.

मला काळजी वाटत होती का? त्यांच्या शेजारी बसलो असताना मला जितकं सुरक्षित वाटलं, तितकं त्या अख्ख्या वर्षात कुठेच वाटलं नव्हतं. मग काळजी कसली? त्यांनी जिंकू नये, एवढंच मला हवं होतं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, त्या आठवड्यात एकही जिंकलेला माणूस बसलेला मला नको होता.

गुरुवारी जोसेफचा फोन आला. अण्णांनी स्पीकरवर घेतला. तो अडखळत माफी मागत राहिला – अंकल, इन्शुरन्स का मामला है, हमको पता चला. अण्णांनी विचारलं, “किसने बोला?” तो पुन्हा इन्शुरन्सचंच सांगत राहिला. त्यानं माझा शब्द पाळला. अण्णांनी फोन ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हलकेच चापट मारली. “मीच! दुसरं कोण? त्या खाडीकडच्या चहावाल्या पठाणाजवळ बढाया मारत बसलो होतो. त्यालाच बोललो असेन. माझंच तोंड फाटकं, जावईबापू.”

मी त्यांच्यासमोर बसलो होतो. हातभर अंतरावर. “असू दे, अण्णा,” मी म्हणालो.

शुक्रवारी त्यांनी हट्टानं रेस बघायला नेलं. अंगात तोच टीशर्ट. आम्ही जाळीपाशी उभे होतो. गाड्या सुटल्या, तो आवाज छातीत शिरला, आणि माझी नजर खाली गेली. अण्णांचा उजवा पाय वाळूत दाबला जात होता, सुटत होता. प्रत्येक वळणाला, प्रत्येक गाडीच्या आधी एक श्वास. मी गाड्या पाहिल्याच नाहीत. तो पायच पाहत राहिलो. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही; आणि ते जाळीच्या या बाजूला माझ्यामुळे होतं. शेवटी एक फिलिपिनो नर्स जिंकली. अण्णांनी टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

कोल्हापूरला परतल्यावर ते वय विचारणाऱ्याला खरं वय सांगू लागले. आधी कधी सांगत नसत. मग स्वतःच्या जीपची किल्ली पुतण्याला दिली. “सदुसष्ट म्हंजे सदुसष्ट, मर्दा. कागदावर किती दिवस जगायचं?” मला पुढे अल ऐनला नोकरी लागली. जाता-येता तो ट्रॅक दिसायचा. जोसेफला भेटायला मी कधी वळलो नाही.

आणि गोष्ट मी सांगू लागलो. पहिल्यांदा सांगितली ती अण्णांसमोरच, मेव्हण्याच्या लग्नात. शेवटी मी विचारलं, “मग जोसेफला कुणी सांगितलं?” आणि अण्णांनी उठून, सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडावर चापट मारली. मांडव हसला. पुढे प्रत्येक लग्नात तो शेवट अण्णाच करायचे. चापट मारून माझ्याकडे बघायचे, जमली ना, अशा नजरेनं.

ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी सईचं लग्न झालं, आणि पंगत उठल्यावर नव्या जावयानं गोष्टीचा हट्ट धरला. मी सांगितली. नेहमीचीच. हेल्मेट, झेंडा, यल्ला, सगळं. शेवटी विचारलं, कुणी सांगितलं? आता ती चापट मीच मारतो, माझ्या तोंडावर. सगळे म्हणतात, हुबेहूब अण्णा.