कादंबरीबाईंनी बदललेला शेवट

आमच्या शाळेत चौथीच्या वर्गाला एक बाई होत्या. मुलं, पालक, शिपाई, इतकंच काय मुख्याध्यापकसुद्धा त्यांना पाठीमागे कादंबरीबाई म्हणत. दरवर्षी दुसऱ्या सत्रात, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला त्या वर्गाला एक कादंबरी वाचून दाखवत. दरवर्षी तीच. पुस्तकाचं कव्हर केव्हाच गळून पडलं होतं, ते कुठे विकतही मिळत नसे, आणि असलेली एकुलती एक प्रत त्या कुणाच्या हातात देत नसत. "फाटेल," म्हणायच्या. आधीच फाटलेलं आणखी काय फाटणार, असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी तिसरीला शिकवते. आमच्या दोन वर्गांच्या मधे भिंत नाही, नुसता लाकडी फळ्यांचा आडोसा आहे. त्यामुळे बाईंनी पुस्तक उघडलं की माझ्या वर्गाच्या भागाकाराचे बारा वाजायचे. पोरं फळ्यांना कान लावून बसत. सुरुवातीला मी ओरडायची. मग मीही खडू खाली ठेवून ऐकायला लागले, तेव्हा ओरडायला तोंड राहिलं नाही.

गोष्ट अशी होती. तीन भावंडांचा बाप सुतार. काम मिळेना म्हणून परगावी जातो आणि त्याची खुशाली यायची बंद होते. आई घरातली एकेक वस्तू विकते. आधी आरसा, मग कपाट, मग बापाची हत्यारं. शेवटी घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. सामान गाडीवर चढतं, गाडी हलणार तेवढ्यात कोपऱ्यावरून खांद्याला पिशवी लावून बाप येताना दिसतो. इथे चौथीची पोरं टाळ्या वाजवत आणि फळ्यांच्या अलीकडे माझीही.

वाचताना बाई चपला काढून खुर्चीत बसत, कारण तोवर पाय टम्म सुजलेले असत. त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे उठून त्यांचं सगळं आवरायचं, कूस बदलायची, डबे करायचे, मग शाळा. शाळेत पोरांपेक्षा तक्ते भरण्यातच नाकी नऊ यायचे. नवरा अबोल. मुलगा दूरच्या शहरात, फोनवरून फार काळजी करणारा. वर्षअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या, आणि तेही त्यांना आनंदानं सांगता येत नसे. शाळा सुटली की उरणार काय, तर घर.

त्या शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गात ठकी होती. नाव वेगळं होतं, पण लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा आणि ताठ बसणं यामुळे सगळे ठकीच म्हणत. तिचे वडील रंगकाम करायचे. कामासाठी म्हणून लांब गेले आणि काही महिन्यांनी त्यांचा फोन लागेनासा झाला. आई लाँड्रीत इस्त्री करायची. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"यंदा दुसरं काहीतरी वाचा," मी बाईंना म्हणाले. "त्या पोरीच्या जखमेवर मीठ कशाला?"

"म्हणजे आपल्या एकटीच्याच घरी असं घडतं, असं वाटू दे का तिला?" बाई म्हणाल्या. "घरोघरी मातीच्या चुली. कळू दे."

आणि त्यांचं खरं ठरल्यासारखं वाटलं. वर्गात तोंड न उघडणारी ठकी बोलायला लागली. आरसा आधी का विकला, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "आरशात बघून आईला रडू येत असेल." बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी दिसली. शेवटच्या प्रकरणाला, त्या म्हणाल्या, ठकी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढच्याच आठवड्यात तिची आई शिक्षकखोलीत आली. हात इस्त्रीनं चटके बसून डागळलेले, डोळे तारवटलेले. बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, तुम्हीच सांगा आता तिला काहीतरी. खोली सोडायचीय. माझा भाऊ घेऊन चाललाय आम्हाला त्याच्याकडे, तिथे कामही बघितलंय. पण ही हलायला तयार नाही. काल तर खिडकीच्या गजांना धरून बसली. म्हणते, सामान गाडीत चढलं की बाबा येतात. तोवर थांबायचं, नाहीतर चुकामूक होईल."

"असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"बाईंच्या पुस्तकात आहे म्हणे." तिनं डोळे पुसले. "भाऊ किती दिवस वाट बघणार हो? तोही तालेवार नाही. आज मला घ्यायला तयार आहे, उद्या वहिनीचं मन फिरलं तर मी कुठे जाऊ?"

ती गेल्यावर बाईंनी कप तोंडाला लावलाच नाही. चहा निवला. मला राहवेना.

"एवढं काय त्यात? पोरीला सांगा, ती गोष्ट आहे, गोष्टीत काहीही होतं."

"गोष्टीतही तो येत नाही," बाई म्हणाल्या.

मला कळेचना. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. मी शेवटचं पान उघडलं. बाप नव्हता. कोपरा नव्हता, खांद्यावरची पिशवी नव्हती. इतकी वर्षं टाळ्या वाजल्या त्या बाईंच्या पदरच्या वाक्यांना.

"पहिल्या वर्षी वाचताना त्या पानाशी आले आणि माझ्याच्यानं वाचवेना," त्या म्हणाल्या. "दिवसभर इथे राबायचं, घरी गेलं की राबायचं. म्हटलं, एक शेवट तरी गोड करावा. काय बिघडतंय? पोरं हसत घरी गेली. मग दरवर्षी तेच वाचत गेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

मला फक्त राग आला, बाईंचा नाही, त्या परगावच्या रंगाऱ्याचा. आणि राग सांगून कुणाचं भलं होत नाही, म्हणून पुस्तक मिटून बाईंच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर फळ्यांपलीकडून बाईंचा आवाज आला. बसका, पण स्पष्ट.

"मुलांनो, पुस्तकाचा शेवट मी तुम्हाला खोटा वाचला. आज खरा वाचते."

वर्गात गलका झाला. कुणीतरी विचारलं, "म्हणजे त्यांचे बाबा येत नाहीत?"

"येत नाहीत. निदान पुस्तक संपेपर्यंत तरी नाहीत."

मग त्यांनी वाचलं. गाडी भरलेली असते. थोरली मुलगी आईला म्हणते, जरा थांब. आणि ती गल्लीतल्या दारोदार जाते. वाण्याला, शेजारणीला, पोस्टमनला, ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या घरमालकालासुद्धा ती नव्या घराचा पत्ता सांगते आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेते. मग गाडीत बसते. गाडी निघते. संपलं.

टाळी वाजली नाही. मग ठकीचा आवाज आला.

"बाई, मग तुम्ही खोटं का वाचलं?"

"मी दमले होते गं," बाई म्हणाल्या. "दमलं की माणूस सोपं तेच वाचतं."

मला वाटलं होतं, पोर रडेल, बाईंवर रुसेल. तसं काही झालं नाही. खोली सोडायच्या दिवशी शाळा सुटल्यावर मामा फाटकाशी उभा होता आणि ठकी एकेकाला गाठत हिंडत होती. शिपायाला, समोरच्या वहीपेन्सिलवाल्याला, मला. सगळ्यात शेवटी बाईंकडे गेली. मामाच्या घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "म्हणून दाखवा."

बाईंनी म्हणून दाखवला. घर नंबर चुकला.

"परत," ठकी म्हणाली. अगदी बाईंच्याच सुरात.

दुसऱ्यांदा बरोबर आला. "बाबा आधी शाळेतच येतील," ठकी म्हणाली. "खोलीवर कुलूप दिसलं की इथेच येतील. तुम्ही इथेच असाल ना?"

बाईंना निवृत्त व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं त्यांनी सोडलं होतं आणि खरं सांगायची ताकद नव्हती. "मी असेन इथे," मीच म्हणाले. ठकीनं मला पुन्हा पत्ता म्हणायला लावला आणि मगच मामाचा हात धरला.

बाई आता घरीच असतात. सासूबाई गेल्या, नवरा तसाच अबोल आहे, पाय काही बरे झाले नाहीत. अधूनमधून मला फोन करतात. कशी आहेस, शाळा कशी आहे, हे नंतर. आधी विचारतात, "आलं होतं का कुणी?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणतात. "पत्ता म्हण बघू."

मी म्हणून दाखवते.