खाडीतली पावलं

आमच्या वस्तीला बस नव्हती. औरादच्या शाळेला जायचं तर तळ्याला वळसा घालून पायी. अप्पा तांबड्या दगडाच्या खाणीत, आई दुसऱ्यांच्या तुरीत. मला पोचवायला सवड कुणाला? उन्हाळ्यात तळं आटलं की आम्ही पोरी त्याच्या पोटातनं सरळ चालत जायचो. एका वर्षी खाणीत अप्पांच्या पायावर दगड पडला नि घरात रोज चूल पेटेना. तरी आईनं माझी शाळा सोडवली नाही. पुढं बीदरला राहून पदवी घेतली, बी.एड. केलं. आमच्या घरात तोवर सगळे अंगठाच उठवत होते.

मग मुंबईच्या एका शाळेतनं बोलावणं आलं. विज्ञानाची जागा. सोमवारी दहाच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.

जायचं कसं, यावर अंगणात सभाच भरली.

"बीदरहून रेल्वे हाय की," काका म्हणाले.

"आन् ती रखडली तर? हुमनाबादहून झोपायची बस धर," शेजारचे अण्णा म्हणाले. "पाय लांब करून जाशील, राणीवानी."

"तिथं उतरल्यावर?" आईनं विचारलं.

"तिथं मेट्रो हाय, रिक्षा हाय. होडीबी हाय!"

"होडी कामून? शाळंत जायलीय का मासे धरायलीय?"

शेवटी बसनंच गेले. सोमवारी सकाळी मुंबईत उतरले, थोडं मेट्रोनं, मग शहरातल्या बसनं. शाळा खाडीच्या पलीकडं होती. कंडक्टर म्हणाला, "पुलावरनं गेलीस तर लांब वळसा. धक्क्यावर उतर, होडी समोरच्या काठाला सोडते." मी उतरले.

धक्क्यावर धुकं होतं. आणि खाडीत पाणीच नव्हतं. होड्या गाळात कुशीवर पडल्या होत्या, मेलेल्या जनावरांसारख्या. तिकिटाची खिडकी बंद. धुक्यात पलीकडचा काठ जवळ वाटत होता. मला आमचं तळं आठवलं. आटलंय, तर चालत जाऊ. एवढा साधा विचार केला मी, विज्ञान शिकवायला निघालेल्या बाईनं.

पायऱ्या उतरले. गाळ आमच्या तळ्यातल्यासारखा कडक नव्हता. बारीक बारीक भोकांतनं बुडबुडे यायचे, जणू खाली कुणी श्वास घेतंय. माझ्यापुढं अनवाणी पावलं उमटली होती, ताजी. कुणीतरी गेलंय म्हणून मला धीर आला. त्या पावलांमागं चालत राहिले.

मागनं बाईमाणसाची हाक आली, "अगो, कुठं चाललीस?"

आमच्याकडं निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारत नाहीत. कुणी विचारलंच तर ऐकलं नाही असं करायचं, वळून बघायचं नाही. नाहीतर काम मोडतं. मी वळले नाही. हाक परत आली. मी पाय उचलले.

तेवढ्यात पुढची पावलं संपली. वळली नव्हती, बाजूला गेली नव्हती. दोन पाय शेजारी शेजारी, जसं कुणी उभं राहिलंय. आणि पुढं कोरा, गुळगुळीत गाळ.

मी वळून बघितलं.

माझ्या नि धक्क्याच्या मध्ये पाणी आलं होतं. आवाज नाही, लाट नाही. नुसतं चकाकत, पसरत माझ्याकडं येत होतं. मी पळाले. गाळानं एक चप्पल ओढून घेतली. मांडीपर्यंत पाणी आलं तेव्हा धक्क्यावरच्या बाईनं वल्हं पुढं केलं नि मला वर खेचलं.

"भरती आहे गो! बहिरी आहेस का?"

"पुढं कुणीतरी गेलं होतं," मी म्हणाले. "पावलं होती."

तिनं खाडीकडं बघितलं. आता तिथं सगळं पाणीच होतं. "पहाटेपासून मी हितंच बसलेय. तुझ्याशिवाय कोण उतरलं नाही."

थोड्या वेळानं होड्या एकेक करून आपोआप उभ्या राहिल्या. तिच्याच नवऱ्याच्या होडीनं मी पलीकडं गेले. वाटेत पाण्याकडं बघितलं नाही.

त्या पावलांचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. भरती-ओहोटी मात्र मी दरवर्षी वर्गात शिकवते.

दहाच्या आत मी शाळेत हजर झाले, चिखलानं भरलेली, एका पायात चप्पल. मुख्याध्यापिकेनं आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग सही घेतली. त्या शाळेत मी आता कायम आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली शिक्षिकाही मीच.