रिकाम्या मुठीची हाक

माझी थोरली बहीण मॅरिट गाईंशी जेवढं बोलते तेवढं माणसांशी बोलत नाही, आणि बोललीच तर भांडते. उत्तरेकडच्या दालार्ना प्रांतातल्या आमच्या गावात सगळे तिला वचकून असतात. जून लागला की ती सहा गाई आणि मला घेऊन डोंगरावरच्या रानवाडीत येते, ती थंडी पडेपर्यंत. गाई दिवसभर जंगलात मोकळ्या चरतात. संध्याकाळी मॅरिट फाटकापाशी खडकावर उभी राहून हाक मारते, गाई घरी येतात, ती धारा काढते, मी चीज करते. आमची आई हेच करायची, तिची आईही. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण हल्ली दर शनिवारी शहरातली माणसं धापा टाकत वर येतात आणि समजावून सांगा म्हणतात.

आमची हाक म्हणजे शब्द नव्हेत, नुसता उंच, पातळ सूर. आईच्या हाकेला तीन वळणं होती आणि शेवटच्या वळणावर ती वर जाऊन तुटायची. मॅरिटनं ती जशीच्या तशी उचलली. शेजारच्या वाडीतल्या गाई त्या हाकेकडे ढुंकूनही बघत नसत, आमच्या मात्र कान टवकारून निघत. आईचा नियम एकच होता : रिकाम्या मुठीनं हाक मारायची नाही. म्हणून मॅरिट कमरेच्या पिशवीत मीठ घातलेलं पीठ भरून घेते आणि आलेल्या प्रत्येक गाईला मूठभर चाटवते. पिशवी विसरली तर खडकावरून उतरून परत झोपडीत जाते, पण तशीच हाक मारत नाही.

घोळ घातला तो टूवानं. टूवा मॅरिटची मुलगी. शहरात असते, पर्यटकांना इकडे आणायचं काम करते, आणि तिचं आमच्यावर फार प्रेम आहे. तेच तर दुखणं आहे. मागच्या उन्हाळ्यात तिनं मॅरिटची हाक फोनवर टिपली आणि जगाला वाटून टाकली. ती ऐकली की लोकांना शांत झोप लागते म्हणे. लागू दे. पण या उन्हाळ्यात तेच लोक वर आले, माझं चीज खाल्लं, कॉफी प्यायले आणि जंगलात शिरून भर दुपारी फोनवर हाक वाजवत बसले. गाई बिचाऱ्या चरणं सोडून धावत यायच्या. लोक "अय्या, किती गोड!" म्हणून फोटो काढायचे आणि निघून जायचे. मिठाचा कण कुणी देईल तर शपथ. मी चारचौघांना झापलं, पाटी लावली, तर त्या पाटीचेही फोटो निघाले.

जुलैत एका संध्याकाळी मॅरिटनं हाक मारली आणि एकही गाय आली नाही. त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीत अस्वलानं दोन मेंढ्या फाडल्या होत्या. आम्ही दोघी चिखल तुडवत रान पालथं घालून गाई हाकून आणल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टूवा गाईंच्या गळ्यात बांधायचे पट्टे घेऊन हजर झाली.

"आई, आता चिंताच मिटली. गाय कुठे आहे ते इथं फोनवर ठिपक्यासारखं दिसतं."

"दिसतं ना? मग त्या ठिपक्याला म्हणावं, घरी ये," मॅरिट म्हणाली.

"तसं नाही गं होत."

"मग कशाला दाखवतेस? ठिपक्याची धार काढू?"

त्या संध्याकाळी ठिपका टेकडीमागच्या दलदलीत होता. आम्ही तिघी गेलो. डागरूस, आमची म्होरकी गाय, बर्चच्या झाडांखाली रवंथ करत उभी होती, बाकीच्या तिच्या मागे. डागरूस निघाली की सगळ्या निघतात, ती थांबली की सगळ्या थांबतात. मॅरिटनं आईची हाक मारली. इतकी सुंदर मारली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डागरूस ढिम्म हलली नाही. कानसुद्धा नाही.

मॅरिटचा चेहरा मी पाहिला. आई गेली तेव्हा तो असा झाला होता. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं ए भवाने! पाय मोडलेत का तुझे? दूध काय इथं चिखलात सांडणारेस? निघ! निघ म्हणते ना, टवळे!"

डागरूसनं मान वर केली आणि निघाली. रोज सकाळी धारेच्या बादलीत पाय घातला की ती हेच ऐकते. हे काही कुणी फोनवर वाजवलेलं नव्हतं. मॅरिटनं तिथंच सगळ्यांना मीठ चाटवलं.

त्या दिवसापासून आमच्या खडकावरून शिव्याच जातात. आईची हाक मॅरिटनं पुन्हा मारली नाही. "ती आता त्यांची झाली," एवढंच म्हणाली. मला मात्र संताप येतो, अजूनही येतो. ज्यांना ती नुसती झोपायला हवी होती त्यांनी ती नेली, आणि जिला गाई घरी आणायच्या होत्या तिला घसा फाडायला लावला.

घसा खरोखरच फाटला. पुढच्या शनिवारी टूवा डझनभर बायांना घेऊन आली, हाक ऐकवायला, आणि मॅरिटच्या तोंडून नुसती खरखर निघत होती. माझा आवाज जन्माचा बसका, फाटकापलीकडेही जात नाही. ढग दाटून आले होते आणि गाई रानातच होत्या.

"तू मार," मॅरिटनं पिशवी सोडून टूवाच्या कमरेला बांधली.

टूवा खडकावर चढली. आधी तिनं आजीची हाक मारली. बायांनी टाळ्या वाजवल्या, जंगलात काहीच हललं नाही. मग ती लाजत म्हणाली, "ए भवाने, ये ना गं."

"जेवायला बोलावतेस का तिला?" मॅरिट खरखरली. "जोरात!"

"भवाने, ये!"

"शहरात बोलता तरी येतं का तुम्हाला? पोटातून! आणि तो फोन ठेव खाली, दोन्ही हात तोंडाशी धर. शी! अशानं मांजर यायची नाही."

"आई, पुरे!" टूवा किंचाळली. "सकाळपासून नुसती टोचतेस! काय केलं की तुला बरं वाटेल? आता गप्प बसतेस की नाही, म्हातारे!"

मी कपाळावर हात मारला. आणि झाडांमागून घंटा वाजली. आधी एक, मग सगळ्या. डागरूस पोट हलवत थेट फाटकाशी आली आणि टूवासमोर नाक पुढे करून उभी राहिली.

बायांनी भराभरा फोन वर केले. टूवा मात्र रडत होती, आणि खडकावर ठेवलेला फोन उचलायचं तिला सुचलंही नाही. एकीनं मॅरिटला हळूच विचारलं, "ही हाक फार जुनी आहे का हो?"

मॅरिटनं लेकीचा हात धरला आणि पिशवीत घातला.

"रडतेस काय? बोलावलंस ना तिला? मग मीठ दे आधी."