अन्नावर वासना नाही

"आज शाम तक नहीं खाया तो ट्यूब डाल देंगे," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि मोबाइल बघत पुढच्या बेडकडे वळले.

ट्यूब म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी नळी. पेशंट तोंडाने खाईना की तिच्यातून पातळ अन्न सोडायचं. चव नाही, चावणं नाही, कोणाची कटकट नाही. हॉस्पिटलला फार सोयीची.

मी देवासच्या एका खासगी हॉस्पिटलात डायटिशियन आहे. म्हणजे लोकांनी काय खायचं नाही, हे सांगण्याचा पगार घेते. अप्पा माझ्याही पुढे गेले होते, ते काहीच खात नव्हते.

अप्पा धारचे, निवृत्त हेडमास्तर, ऐंशी ओलांडलेले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झकास झालं आणि तेव्हापासून ताट परत. दलिया परत, खिचडी परत, सूप परत. गालफडं बसली होती. फिजिओथेरपिस्ट रोज येऊन "दादाजी, खड़े हो जाओ" म्हणायचा. उभे राहणार कशाच्या जोरावर, डोंबल!

सून वैशाली दाराशी डोळे पुसत होती. "मॅडम, नळी लागली की हे घरी नाही यायचे हो. माझ्या आईचं असंच झालं."

मी अप्पांच्या जवळ बसले. "अप्पा, भूक नाही का लागत?"

"भूक लागते. वासना नाही, बाई."

सिस्टर चपापली. हिंदीत या शब्दाची भडक सिनेमांची पोस्टरं निघतात. आमच्या मराठी घरांत मात्र तो रोज स्वयंपाकघरात असतो. भूक पोटाची, वासना मनाची. तापातून उठलं की आजी विचारायची, "अन्नावर वासना आली का गं?" दिवस गेलेल्या बाईची चिंचेवर वासना जाते. आणि "भूक लागली" असं पोरांनी म्हणायचं. मोठ्या माणसाने म्हटलं तर त्याची त्यालाच लाज वाटते.

हे सगळं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. पेट माँग रहा है, मन नहीं.

"अच्छा, तो भूख का सिरप लिख देता हूँ।"

मनाला दोन चमचे, जेवणाआधी. धन्य!

दुपारी मी वॉर्डातच थांबले. पॅन्ट्रीवाले भिया, म्हणजे इकडचे भैया, ट्रॉली घेऊन आले. "दादाजी, खाना?"

"नको," अप्पा म्हणाले.

भियांनी 'रिफ्यूज्ड'वर खूण केली आणि ताट घेऊन चालू लागले. त्यांचं चुकलं नव्हतं. पेशंटच्या इच्छेचा मान राखावा, आग्रह करू नये, असं आमच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे.

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कोणी हिंग लावून विचारत नाही! वाढणारा म्हणतो, "असं कसं, थोडं तरी." जेवणारा पानावर हात आडवा धरतो. वाढणारा हाताच्या बाजूने वाढतोच. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा हावरट. अप्पा जन्मभराच्या रीतीने वागत होते, आणि हॉस्पिटल त्यांचं म्हणणं अगदी आज्ञाधारकपणे ऐकत होतं.

"घरी कोण वाढायचं?" मी वैशालीला विचारलं.

"आई, म्हणजे सासूबाई. त्या गेल्यापासून मी विचारते, ते नको म्हणतात. मला खरंच वाटायचं नको असेल. परत परत विचारणं आगाऊपणाचं वाटायचं, मॅडम."

मी भियांना हाक मारून ताट परत घेतलं. दलिया बाजूला ठेवून पॅन्ट्रीतून मऊ भात, वरण आणि लिंबू मागवलं.

"अप्पा, वाढते."

"नको, बाई."

"असं कसं? मी धारची, म्हणजे घरचीच की. दोन घास."

"बरं. अगदी लहान."

मी मोठा वाढला.

"अहो, पुरे, पुरे!" हात ताटावर आडवा आला. मी थांबले, तर वैशालीने माझ्या हातातला चमचा घेतला. "अप्पा, हा एक आईंच्या वाटचा."

हात तसाच राहिला. मग अप्पांनी तो हळूच काढून घेतला. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले, खोटं कशाला सांगू!

"ती माझं ऐकायचीच नाही," अप्पा म्हणाले, आणि भात कालवायला लागले.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब नळी घालायच्या तयारीने आले आणि रिकामं ताट बघून खूश झाले. "देखा, सिरप ने काम किया!"

बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं. मी ती त्यांना दाखवली आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी लगेच मीटिंग बोलावली. आता नवा नियम आहे, प्रत्येक पेशंटला तीनदा विचारायचं. भिया दारातूनच एका दमात "खाना-खाना-खाना?" विचारतात आणि खूण करून पुढे जातात.

अप्पा वॉकर धरून स्वतःच्या पायांनी घरी गेले. वैशालीला मी एवढंच सांगितलं, विचारत बसू नकोस, वाढ.

भूक वाढवायला दुकानात बाटली मिळते. वासनेसाठी ताटापाशी एक माणूस बसवावा लागतो, आणि ते पद आमच्या हॉस्पिटलात मंजूर नाही.