सेफ्टीवाली मावशी

घरात कोणी फ्लश ओढला की मावशी बोलणं थांबवायची. हातातली भाजी तशीच धरून मोरीकडे कान लावायची. पाणी सरळ निघून गेलं तर भाजी निवडणं पुन्हा सुरू. मोरीतून गुडगुड आली, की डोळे बारीक करून म्हणायची, "मोरी बोलून राहिली. टाकी भरत आली."

अकोल्यात जठारपेठेत तिचं बैठं घर होतं. मागे अंगण, अंगणाखाली संडासाची टाकी. सेप्टिक टँकला आमच्याकडे सर्रास सेफ्टी टँक म्हणतात. मावशी शाळेत शिकवायची, खरा शब्द तिला ठाऊक होता. तरी ती मुद्दाम सेफ्टीच म्हणायची. घराची सगळी सेफ्टी त्या टाकीतच आहे, असं तिचं मत. गल्लीने मग तिचंच नाव सेफ्टीवाल्या बाई ठेवलं.

हा नाद तिला एका महालक्ष्म्यांच्या दिवशी लागला. घरभर पाहुणे, बाहेर पाऊस, पानं वाढलेली, आणि मोरीतून घाण पाणी उलटं वर आलं. सवाष्णींना शेजारच्या घरी नेऊन वाढावं लागलं. त्याआधी कितीतरी दिवस संडासातलं पाणी हळूहळू उतरत होतं, संध्याकाळी मागे दर्प यायचा. पावसाळ्यात असं होतंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. त्यानंतर मावशीने काहीच सोडून दिलं नाही.

समोर एक वकीलसाहेब राहायचे. एका मे महिन्यात गल्लीतली झाडं करपली होती, पण त्यांच्या कुंपणाशी गवत हिरवंगार. ते कौतुकाने दाखवत होते. मावशीने चपलेच्या टोकाने जमीन दाबली, तर ओल वर आली.

"वकीलसाहेब, हे काही तुमच्या शेणखतानं नाई वाढलं. शोषखड्डा जाम झाला तुमचा."

बाईंचं नाक कोर्टात साक्षीला न्यायला पाहिजे, असं म्हणत वकीलसाहेबांनी हसत हसतच टाकी उपसणारी गाडी बोलावली. गाडी कोणाकडेही आली तरी मावशी तिथे हजर. पोरांना झाकणापासून लांब हाकलायची. आत फक्त नळी उतरेल, माणूस उतरणार नाही, हे गाडीवाल्याकडून वदवून घ्यायची. मग त्याला चहा, घरातल्याच कपात.

काका गेल्यावर ती एकटी राहिली. मूलबाळ नव्हतं. मी अमरावतीला. दर खेपेला सांगायचे, माझ्याकडे चल, खोली तयार आहे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "जवरिक मले माह्या घरचा वास समजते, तवरिक मी कुठी येत नाई."

गेल्या उन्हाळ्यात सकाळच्या बसने गेले. फाटकातच दर्प आला. अंगणात काळं पाणी साचलेलं, त्यात कर्दळ माजलेली. मावशी शेजारीच खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. मी ओढणी नाकाला लावली.

"काय वं, कावून तशी उभी राहिली? ये ना, बस. किती गार हाय इथं."

आत मोरी तुंबून वर आली होती. मावशीने तिच्यावर पाट झाकून ठेवला होता. कशाला, विचारलं तर म्हणाली, सारखी बडबड करते.

डॉक्टरांनी सांगितलं, वास न कळणं आणि विसरणं एकाच आजारातलं आहे, आणि हा आजार मागे फिरत नाही. मी टाकी उपसून घेतली, शोषखड्डा नवा करून घेतला, मोरी घासून घेतली. घर नीट झालं. तिला तिथे ठेवणं आता शक्य नव्हतं.

निघायच्या दिवशी कपडे, औषधं, काकांचा फोटो, सगळं बॅगेत भरलं. गॅस बंद केला, नळ तपासले. ऑटो फाटकात उभा होता. मावशी पायरीवर थांबली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "त्या घरच्या बाईले सांगून ये वं. आमी निघतो म्हना. लय चांगलं ठेवलं तिनं आपल्याले."

मी आत गेले. स्वयंपाकघरात थोडी उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, सांगितलं.

"मंग? काय म्हने ते?"

"परत या, म्हणाली."

मावशीने मान हलवली आणि ऑटोत जाऊन बसली. मी दाराला कुलूप लावलं.