सोमवारच्या नळ्या

शरयू गेल्याची बातमी माझ्यापर्यंत बातमी म्हणून आलीच नाही. "सर, मॅडमचा एखादा जुना फोटो आहे का तुमच्याकडे? सभेच्या फलकासाठी हवाय," असा केतकीचा निरोप मोबाइलवर आला. परळच्या आमच्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी शरयू दरवर्षी जी कार्यशाळा घेत असे, ती आता ही केतकी सांभाळते. कसली सभा, असे मी उलट विचारले, तेव्हा तिच्या लक्षात आले की मला कुणी कळवलेलेच नव्हते. शरयूशी माझी ओळख विद्यार्थिदशेपासूनची. आमचा मार्गदर्शक एक, प्रयोगशाळा एक, ओटाही एक. तरी मला चौथ्या दिवशी कळले, आणि तेही फोटो हवा होता म्हणून... मी फोटो शोधून दिला. पांढरे कोट घालून ओट्याशी उभे असलेले आम्ही दोघे. दादरच्या सभागृहात पोहोचलो, तर त्यातली शरयू माणसाएवढी होऊन मंचामागे हसत होती आणि फलकाच्या डाव्या कडेला एक पांढरे कोपर तेवढे उरले होते. ते कोपर माझे आहे, हे या लेखात सर्वांत आधी नोंदवतो.

त्या सभेत अकरा जण बोलले आणि मला अकराही जणांचा हेवा वाटला. माझ्या वयाच्या माणसाने हे छापील कागदावर कबूल करू नये असे घरच्यांचे मत आहे. पण सभेत इतके असत्य प्रेमाने बोलले गेले, की त्याचे खंडन करणारा माणूस निदान स्वतःबद्दल तरी खरे बोलणारा हवा. एका वक्त्याने तिला 'शांत, मृदू' म्हटले. शरयू मृदू नव्हती. माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा वाचून ती म्हणाली होती, "वर्तक, यात पहिली दोन पानं तू स्वतःला हार घातलास. प्रयोग तिसऱ्या पानावर सुरू होतो. हार काढ." दुसऱ्याने सांगितले, की मॅडमनी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा त्याग केला. टाळ्या पडल्या. त्याग वगैरे काही नव्हता. संस्थेत जागा एकच निघाली, ती मला मिळाली. तिला मिळाली नाही. ती काही वर्षे महाविद्यालयांत तासांवर शिकवत राहिली आणि पुढे संस्थेने प्रशिक्षणासाठी एक पद काढले, त्यावर परत आली. ज्या दिवशी तिचे टेबल ग्रंथालयाशेजारच्या खोलीत लागले, त्या दिवशी मी चहाच्या वेळी सर्वांसमक्ष विचारले होते, "आता पोरांना भाषणं करायला शिकवणार का तू? मग विज्ञान कोण करणार?" तिने साखर ढवळत उत्तर दिले, "तू कर की. मी त्यांना तू काय केलंस ते समजून घ्यायला शिकवीन."

तिची कार्यशाळा पाच दिवसांची असे. आपला विषय तीन मिनिटांत अनोळखी माणसाला कसा सांगावा, शोधनिबंधाचा सारांश कसा लिहावा, मुलाखतीला कसे बसावे, मार्गदर्शक चुकत असेल तर त्याला ते न भांडता कसे सांगावे... याला मी 'शोभेची विद्या' म्हणत असे. परंतु माझ्या हाताखालचे विद्यार्थी माझ्या खोलीतून पाय न वाजवता बाहेर पडत आणि तिच्या खोलीतून हसत बाहेर पडत, हे मला जिन्याच्या वळणावरून दिसे. पदक माझ्या भिंतीवर होते आणि दिवाळीला फराळाचे डबे तिच्या टेबलावर येत. मी ते डबे मोजत नसे, एवढेच माझ्या बाजूने सांगतो.

आता तिसऱ्या असत्याकडे येतो. त्यासाठीच हा लेख आहे.

सभेत अकरापैकी सात जणांनी एकच आठवण सांगितली. कार्यशाळेच्या पहिल्या सकाळी मॅडम काही न बोलता एक काचेची परीक्षानळी वर्गात फिरवायला देत. "स्वच्छ आहे का, सांगा." नळी हातोहात फिरे. सगळे उजेडात धरून पाहत आणि स्वच्छ आहे म्हणत. मग मॅडम तीत थोडे पाणी घेत, तोंडावर अंगठा दाबत आणि हलवत. नळी फेसाने भरून जाई. आणि मॅडम म्हणत, "ही मी धुतलेली नळी. हिच्यामुळे माझं एक वर्ष वाया गेलं आणि एका निरपराध माणसाला मेमो मिळाला. आता ते कसं झालं, ते सांगते." सातही जण म्हणाले, की स्वतःची चूक इतक्या उघडपणे सांगणारा शिक्षक त्यांनी दुसरा पाहिला नाही.

ती चूक शरयूची नव्हती. ती माझी होती.

उपाशी उंदरांच्या यकृतातले एक एन्झाइम नेहमीच्या दुपटीने काम करते, असे मला आढळले होते. रविवारी उंदरांना उपाशी ठेवायचे आणि सोमवारी प्रयोग करायचा, पोटभर उंदरांचा प्रयोग आठवड्यात इतर दिवशी, असा माझा क्रम होता. काचसामान धुण्याचे काम सावंतांकडे असे. लालबागला राहणारे, मूळचे मालवणकडचे, मोजके बोलणारे गृहस्थ. मी त्यांना सावंत म्हणे, शरयू सावंतमामा म्हणे. साबणानंतर सात पाणी, हा त्यांचा नेम. त्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असे, म्हणून सोमवारच्या नळ्या मी स्वतः धूत असे. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. साबणाची पूड मी सढळ हाताने घेई आणि पाणी दोनदा फिरवून थांबे. काच चकाकली म्हणजे ती स्वच्छ, हा माझा हिशेब.

वर्षभराने शोधनिबंध तयार झाला. मार्गदर्शकांनी दुसऱ्या एकाकडून प्रयोग करून घेतला, तर उपाशी आणि पोटभर उंदरांत काही फरकच दिसेना. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, की त्या दिवशीच्या नळ्या सावंतांनी नीट धुतल्या नसणार. सावंतांना मेमो मिळाला. तो हातात धरून ते माझ्या ओट्याशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सायबानू, तुमचो गुण येता तो सोमवारी. सोमवारी मी असतंय खंय?" सगळे उत्तर त्या एका प्रश्नात होते : दुप्पट आकडा सोमवारीच येई, आणि सोमवारी त्यांची सुट्टी. मी ते ऐकले आणि त्यांना बाहेर जायला सांगितले. पलीकडे काम करणाऱ्या शरयूनेही ते ऐकले.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी तिने मला मोरीपाशी बोलावले. माझ्या हातची धुतलेली एक नळी घेतली, पाणी घातले, अंगठा दाबला आणि हलवली. नळी फेसाने भरली. साबणाचा अंश एन्झाइमला चेतवत होता. उंदरांच्या उपासाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

"सावंतमामांना सांगशील ना?" तिने विचारले.

"सांगेन."

मी सांगितले नाही. 'आणखी प्रयोग आवश्यक' असे कारण देऊन निबंध मागे घेतला. मार्गदर्शक खूश झाले. इतका सावध, इतका प्रामाणिक तरुण त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. जागा निघाली तेव्हा त्यांनी माझ्या शिफारशीत हेच लिहिले. शरयूला ते ठाऊक होते. तिने तोंड उघडले नाही, आणि मी तिला ते कधीही माफ केले नाही. उपकार करणाऱ्याला माफ करणे किती कठीण असते, हे ज्यांनी उपकार घेतले आहेत त्यांनाच कळेल.

ती आपल्या कार्यशाळेत काय सांगते, हे मला कित्येक वर्षे माहीत नव्हते. एकदा, त्या खोलीत एवढे काय हसण्यासारखे असते ते पाहावे म्हणून दाराबाहेर उभा राहिलो. आत ती सांगत होती : "सोमवारी मी नळ्या स्वतः धुवायचे. मला वाटायचं, माझ्यासारखं कुणी धूतच नाही..." समोर पहिल्या रांगेत निवृत्त झालेले सावंत बसले होते, धुण्याचे प्रात्यक्षिक द्यायला ती त्यांना दरवर्षी बोलावत असे. सोमवारी कोण धूत असे, हे त्या खोलीत शरयूखेरीज एकट्या त्यांना माहीत होते. त्यांनी मान वळवली, दारात मी दिसलो, आणि ते पुन्हा समोर पाहू लागले.

चहाच्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठले. "ती चूक माझी आहे."

"मग आत जाऊन सांग. दार उघडं आहे."

"तू माझी गोष्ट चोरतेस."

"चोरते?" ती हसली. "वर्तक, सांभाळतेय रे. पोरांना चूक लागते, तिच्यावरचं नाव नाही लागत. तुला हवी असेल तेव्हा येऊन घेऊन जा. अजून अर्धा तास आहे. सावंतमामा पण आहेत."

मी माझ्या प्रयोगशाळेत परत गेलो. त्यानंतर दरवर्षी पहिल्या सकाळी मी कुठल्या ना कुठल्या बैठकीत असे. सावंत गेले. गेल्या वर्षी माहीमला तिच्या घरी आजारपणात भेटलो, तेव्हाही तिने निघताना विचारले, "यंदा तरी?" मी म्हणालो, बघू...

सभेनंतर केतकीनेच विचारले, "सर, यंदा पहिल्या सकाळची मॅडमची गोष्ट तुम्ही सांगाल?" मी तत्काळ होकार दिला. पश्चात्ताप झाला म्हणून दिला, असे कुणी समजू नये. सात माणसांनी माझ्या चुकीसाठी तिच्यावर प्रेम केलेले मला सहन झाले नव्हते.

मागच्या महिन्यात गेलो. खिडकीतून पूर्वी गिरणीचे धुराडे दिसे, तिथे आता काचेची इमारत आहे. तीसेक मुले होती. नळी फिरली, फेस आला. मी सगळे सांगितले. सोमवार, साबण, मेमो, सावंतांचा प्रश्न, माझे गप्प बसणे, मला मिळालेली जागा. यातले एक अक्षर मी आयुष्यात शरयूखेरीज कुणापुढे उच्चारले नव्हते. टाळ्या पडल्या. केतकीचे डोळे भरले होते. "सर, अगदी मॅडम बोलतायत असं वाटलं. तुम्ही ती प्रथमपुरुषी सांगितलीत, ही कल्पना किती छान!"

"ही माझीच गोष्ट आहे," मी म्हणालो.

पुढच्या रांगेतला एक तरुण समजुतीने मान हलवत म्हणाला, "हो सर. आपल्या सगळ्यांचीच आहे."

म्हणून आता लिहून देतो, कारण छापलेल्याला कुणी आदरांजली म्हणून टाळ्या वाजवणार नाही. सावंतांचे कुणी लालबागेत अजून राहत असतील आणि हे वाचत असतील, तर त्यांनी जाणावे : त्या मेमोतली चूक माझी होती, आणि सोमवारी सावंत तिथे नव्हते. शरयूने माझी चूक स्वतःच्या नावावर इतकी वर्षे वापरली. तिच्या हातून ती शहाणी होऊन निघाली, माझ्याकडे राहिली असती तर नुसती लाज होऊन कुजली असती. याचाही मला हेवा वाटतो, आणि तो जाईल असे वाटत नाही.

त्या दिवशी माझे सांगून झाल्यावर मुले जेवायला गेली. टेबलावर नळी उरली होती, आतला फेस बसला होता. केतकी म्हणाली, "सर, दुसऱ्या तुकडीसाठी ती परत तयार करावी लागेल. आमच्याकडून कधी जास्त धुतली जाते, कधी साबण दिसतो. मॅडमनाच ते बरोबर जमायचं."

"तिला माझं बघून जमायचं," मी म्हणालो आणि बाह्या मागे सारल्या. मोरी तीच आहे, नळ तेवढा नवा. पूड सढळ हाताने घेतली, ब्रश फिरवला, पाणी दोनदा घेतले. तिसऱ्यांदा हात आपोआप नळाकडे गेला; तो मागे घेतला. नळी उजेडात धरली. चकाकत होती. या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही, शरयूसुद्धा नाही.